क्रीजवरचा डावा बूट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, एका जागी बसून गोष्ट सांगणे मला जमत नाही. मी डाव्या पायाचा बूट आहे. कापड कॅनव्हासचे, रंग एके काळी पांढरा. माझ्या पुढच्या टोकाला, अंगठ्याच्या जागी, एक भोक आहे आणि आत एक तपकिरी डाग आहे. त्या डागाची गोष्ट मला सांगायची आहे. मध्येच मी इकडेतिकडे भरकटलो तर नाडी धरून ओढून आणा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने मला शिवले, दुसऱ्या कोणीतरी रबरी तळ चिकटवला, आणि तिसऱ्याने मला उजव्याशेजारी खोक्यात झोपवले. उजवा स्वभावाने शांत. तो पडल्यापडल्या झोपला. मला मात्र कधी एकदा झाकण उघडते आणि कधी एकदा मैदान बघतो, असे झाले होते.

आम्हाला विकत घेणारे गृहस्थ एका कारखान्यात लेथ चालवत. लोखंडाचा गज यंत्रात फिरवायचा आणि केसाइतकाही फरक न ठेवता मापात उतरवायचा, हे त्यांचे काम. हात असे नेमके, पण पाय विचारू नका! कारखान्याच्या संघात ते चौथ्या क्रमांकावर फलंदाजीला येत. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो, म्हणजे चेंडूला सामोरा जाणारा तो मी. उजवा मागे क्रीजमध्येच राखण करत बसे. मी शेफारलो होतो, हे कबूल करतो. मालकांनी चौकार मारला की लोक त्यांच्या मनगटाचे कौतुक करत, आणि मला वाटे, अरे, तिथपर्यंत नेले कोणी? दर शनिवारी ते मला ओल्या फडक्याने पुसून वर सफेदा लावत. तेवढा वेळ मी कसाबसा स्वस्थ बसत असे.

मालकांना एक मुलगी होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण तीही माझ्यासारखीच, एका जागी न ठरणारी. ती गोलंदाज होती. चौदाव्या वर्षी तिच्या हाताला यॉर्कर सापडला. हा चेंडू मध्ये टप्पा घेत नाही. तो थेट फलंदाजाच्या पायाशी, बॅटच्या तळाखाली येऊन पडतो आणि खेळायला जागाच ठेवत नाही. मालक तिच्यासाठी क्रीजवर रिकामा डबा ठेवत आणि स्वतः बाजूला बॅट घेऊन उभे राहत. दहातून सहा वेळा डबा वाजायचा. मालकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसे, ते स्वतःच्या शतकानंतरही मी पाहिले नाही.

मग तो दिवस आला. भिंगरी सोळा वर्षांची झाली होती आणि तिचा वेग वाढला होता. मालकांची खोड जुनीच. चेंडू तिच्या हातातून सुटायच्या आत ते मला पुढे रोवून मोकळे होत, आणि बॅट खांद्याच्याही वर नेत. मी जमिनीत घट्ट, बॅट अजून आभाळात, आणि चेंडू आला तो सरळ माझ्यावर. कॅनव्हास ते केवढे! मी फाटलो, आत मालकांचा अंगठा मोडला आणि रक्त माझ्या कापडात मुरले. ते खाली बसले. ओरडली ती भिंगरी.

सहा आठवडे त्यांचा पाय उशीवर होता. भिंगरीने मला तीन वेळा साबणाने धुतले. डाग गेला नाही. मग तिने मला जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळले, खोक्यात घातले आणि आपल्या पलंगाखाली अगदी भिंतीशी सरकवून ठेवले. उजव्याचे बरे झाले. तो मागच्या दाराला अडसर म्हणून लागला, वारा खात पडला. मला मात्र जपून ठेवले होते. मित्रांनो, जपून ठेवणे म्हणजे काय ते मला विचारा! ना ऊन, ना माती, ना घाम. त्या लोकरीच्या उबेत माझा जीव नुसता तडफडत होता.

पलंगाखालून ऐकू मात्र सगळे येई. भिंगरीने गोलंदाजी सोडली नव्हती, पण यॉर्कर सोडला होता. टाकायला जावे आणि शेवटच्या क्षणी हात आखडावा, चेंडू आपला मध्येच कुठेतरी आपटावा, असे चालले होते. तिच्या संघाच्या प्रशिक्षक बाई एकदा घरी येऊन म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मोठ्या संघाची निवड आहे. हिचं नाव मी यॉर्करच्या जोरावर पाठवलंय. तोच नसेल तर हिला कोण घेणार?"

बाई गेल्यावर भिंगरी पलंगावर येऊन पडली. माझ्या डोक्यावरची फळी बराच वेळ हलत होती. ती रडत होती आणि मी खाली खोक्यात चडफडत होतो. तिच्या भीतीचे कारण माझ्याच अंगावर होते आणि मला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे पळायला गेली असताना मालकांनी पलंगाखाली हात घातला.

"अगं, हा बघ कुठे होता," ते बायकोला म्हणाले. "पोरीने दडवून ठेवलाय."

"मग आता काय, आरती ओवाळायची?" भिंगरीची आई म्हणाली. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करते आणि बोलायला अशी आहे.

"मला शिकायचंय," मालक म्हणाले. "यॉर्कर कसा खेळायचा ते. मला लागणार नाही अशी तिची खात्री पटली तरच ती टाकेल. तू मला चेंडू टाकशील?"

आई म्हणाली, "कामाला जायच्या आधी अर्धा तास. आणि खिडकीची काच फुटली तर तुम्ही भरायची."

स्वयंपाकघराच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सोळा पावलांचा एक बोळ होता. टाकीपुढे उलटी बादली ठेवली, त्या झाल्या यष्ट्या. नव्या, एक माप मोठ्या बुटात मालकांचा पाय आणि त्याच्या टोकाशी मी, अशी मांडणी झाली. आई टेनिसचा चेंडू टाकू लागली. पहिल्याच चेंडूला मालकांचा पाय टुणकन बाजूला पळाला, बॅट मागेच राहिली, आणि बादली वाजली. दुसऱ्याला तेच. दहाव्यालाही तेच. आधी मला घाईने पुढे रोवणारे हे गृहस्थ आता चेंडू यायच्या आधीच पळ काढत होते. मला त्यांचा असा राग आला की विचारू नका.

चौथ्या सकाळी आई चेंडू हातात धरून तशीच थांबली. "अहो, तुम्ही बघता कुठे?"

"चेंडूकडे."

"मुळीच नाही. दिवसभर मी लोकांचे डोळेच बघते. चेंडू माझ्या हातातून सुटला की तुमची नजर खाली अंगठ्याकडे जाते. चेंडू तुम्ही पाहतच नाही."

मालक हळूच म्हणाले, "भीती वाटते गं."

"वाटू दे की. पण पायाकडे बघून पाय वाचत नाही. या बुटाला लागू द्यायचं नाही, एवढंच करा. माझ्या हाताकडे बघा आणि बूट सांभाळा."

त्या दिवसापासून मालकांच्या खेळाची घडी बसू लागली. नजर चेंडूवर खिळली. मग त्यांच्याच लक्षात आले की बॅट खांद्यावर नेली तर खाली यायला उशीर होतो, म्हणून ते ती गुडघ्याच्या थोडीच वर उचलू लागले. क्रीजमध्ये वीतभर मागे सरकून उभे राहिले, म्हणजे चेंडूला अंमळ जास्त अंतर यावे लागे. गुडघे वाकवले. आणि मुख्य म्हणजे पायाची घाई सोडली. लेथवर गज मापात यायची वाट बघतात तशी ते चेंडूची वाट बघू लागले. हात नेमके होतेच. बॅट सरळ खाली आली, चेंडू तळाशी दाबला गेला आणि माझ्यापासून चार बोटांवर मेला. आईने टाळी वाजवली. तीन आठवड्यांत चेंडू माझ्यापर्यंत पोचायचा जवळजवळ बंद झाला.

निवड रविवारी होती. शनिवारी दुपारी मालक मला काखेत घेऊन भिंगरीच्या सरावाच्या जाळीत गेले. मागोमाग आईही आली. मला पाहताच भिंगरीचा चेहरा उतरला.

"बाबा, हा कशाला आणलात?"

"हा माझा पाय," म्हणत त्यांनी मला क्रीजवर ठेवले, माझी नाडी बांधली आणि शेजारी उभे राहिले. "यावर टाक."

"नाही. मला नाही जमणार."

"भिंगरे, मी तुझ्या चेंडूला घाबरलो होतो. खरं सांगतो. तुला बोललो नाही, पण तुला ते दिसलं असणार. आता माझा पाय मी सांभाळतो. तू तुझा चेंडू सांभाळ."

ती धावत आली. चेंडू कमरेएवढ्या उंचीने गेला. दुसरा मध्येच आपटला.

"असले तर तुझी आई टाकते," मालक म्हणाले.

"अहो! मी बरी टाकते हं," जाळीमागून आवाज आला.

भिंगरीला हसू आवरेना. डोळे पुशीत ती परत गेली आणि यावेळी दूरवरून धावली. हात सुटला. मला तो चेंडू ओळखू आला, मित्रांनो! तोच. माझ्या अंगातला प्रत्येक धागा ताणला गेला. मालकांचा पाय हलला नाही. बॅट खाली आली, खट्! चेंडू गडगडत भिंगरीच्या पायाशी गेला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने तो उचलला आणि आणखी मागे गेली.

असे चार चेंडू मालकांनी बॅटच्या तळाशी अडवले. पाचवा मात्र शेवटच्या क्षणी आत वळला. बॅट चुकली. चेंडू माझ्या भोकावर बसला, मी उडून जाळीवर आदळलो, आणि मागे मधली यष्टी आडवी झाली.

"बाबा!" भिंगरी धावत आली.

मालक जागच्या जागी उभे राहून दोन्ही पायांचे चवडे हलवून दाखवत होते. "पाय इथे आहे गं. बूट गेला." आणि मग ते हसू लागले, इतके की बॅटवर रेलावे लागले. "काय चेंडू टाकलास पोरी! मी सगळं बरोबर केलं होतं!"

भिंगरी जाळीजवळ आली. तिने मला उचलले आणि त्या डागावरून अंगठा फिरवला. वाटले, आता पुन्हा स्वेटर, पुन्हा खोके. पण तिने मला झटकले, परत नेले आणि स्वतःच्या हाताने क्रीजवर ठेवले. "आणखी टाकू?" तिने विचारले.

रविवारी मी तिच्या पिशवीत होतो. दिसले काहीच नाही, लाकूड पडल्याचा आवाज तेवढा ऐकला. त्यानंतर कोणीतरी म्हणाले, "परत टाक बघू." आणि पुन्हा तोच आवाज.

आता मी भिंगरीच्या नव्या संघाच्या जाळीत असतो. रोज संध्याकाळी सहा मुली माझ्यावर नेम धरतात. भोक वाढले आहे, तळ सुटत आला आहे. मित्रांनो, माझ्यासारखे सगळे शेवटी एकच विनंती करतात, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. ज्या गोष्टीने तुम्हाला कधी दुखावले, तिला स्वेटरमध्ये गुंडाळून पलंगाखाली ठेवू नका. बाहेर काढा, झटका, आणि जिथे लागले होते तिथेच पुन्हा ठेवा. थांबा, भिंगरी धावत येते आहे. मला आता बोलायला वेळ नाही.