प्लास्टर काढूया का?

सकाळी साडेदहा वाजता, मुलांच्या वॉर्डातल्या प्लास्टरच्या खोलीत, सहा वर्षांची एक मुलगी ‘नाही’ म्हणाली आणि काम थांबलं.

प्रश्न धाकटीने, वॉर्डात मदतीला येणाऱ्या तरुणीने, विचारला होता. “प्लास्टर काढूया का?” इतकाच.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण या वॉर्डातली खेळाची खोली चालवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. ज्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आपल्याला परवडणार नाही, तो प्रश्न मुलाला विचारायचा नाही. ‘इंजेक्शन देऊ का’ नव्हे, ‘डाव्या हाताला देऊ की उजव्या’. आणि चुकून विचारलाच, तर मुलाचं उत्तर पाळायचं. नाहीतर ते मूल पुन्हा आपल्यावर विश्वास कशाला ठेवेल?

धाकटीला हे तोंडपाठ होतं. हॉस्पिटलमधल्या मुलांची भीती खेळातून कमी करायची, जे त्यांच्यावर होणार ते आधी बाहुलीवर करून दाखवायचं, याचं रीतसर शिक्षण मिळतं. तिला त्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा होता आणि मॅडमच्या शिफारशीशिवाय तो मिळणार नव्हता. म्हणून ती काही दिवस पाळणाघरात नाकं पुसत होती आणि उरलेले दिवस इथे फुकट खेळणी धूत होती.

“कामाला जातेस की खेळायला?” दादा रोज विचारायचा.

“दोन्ही. तुझं तर एकही नाही.”

सराव मात्र ती घरच्यांवरच करायची. “बाबा, गोळी पेपरच्या आधी घेणार की नंतर?”

“आधी देऊन टाक,” म्हणून बाबांनी गोळी गिळली आणि मग त्यांचा चेहरा पडला. “अगं, पण मी घेणार नव्हतो!”

तर असा हात बसलेला असताना, मूल पहिल्यांदाच एकटीवर सोपवलं गेलं त्या दिवशी, तिची जीभ घसरली. समोर होती मुकादम. हे नाव नर्सबाईंनी ठेवलेलं, कारण हात मोडून आली त्याच दिवशी तिने दोन वॉर्डबॉयना ओळीत उभं केलं होतं.

प्लास्टरवाल्या काकांनी हातातली करवत खाली ठेवली. “झालं! आता पुढच्या वर्षी भेटू.”

“अहो, तिला काय विचारता?” मुकादमची आई वैतागली. “धरा आणि काढा. घरी मी विचारते का कधी?”

मॅडम दाराशी उभ्या होत्या. “विचारलंस ना?” त्या धाकटीला म्हणाल्या. “मग आता निस्तर.”

धाकटी मुकादमसमोर जमिनीवर बसली. “का नको गं?”

“ती करवत हातपण कापते.”

“कातडी नाही कापत. नुसती थरथरते. बाहुलीचं काढलं तेव्हा बघितलंस ना?”

“बाहुलीला बोलता येत नाही.”

मुकादमने धाकटीचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“ताई, तुझं काढलंय कधी?”

खोटं बोलायचं नाही, हाही मॅडमचाच नियम. “नाही.”

मुकादमने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मग तुला कुठल्या हाताला घालायचं? डाव्या की उजव्या?”

“डाव्या,” धाकटी म्हणाली. घालायचं की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं हे ध्यानात येईपर्यंत काकांनी तिची बाही वर सरकवलीसुद्धा होती.

“हिरवं की जांभळं?” काकांनी विचारलं.

“काका, तुम्हीपण!”

“हिरवं,” मुकादमने निकाल दिला.

प्लास्टर थोड्याच वेळात दगडासारखं झालं. करवत सुरू झाली आणि खोली दणाणली. मुकादमने नाक अगदी धाकटीच्या हाताजवळ नेलं. “दुखतंय?”

“नाही. गुदगुल्या होतात. थोडं गरम लागतं. आणि आवाज घाणेरडा आहे.”

प्लास्टर अर्ध्यावर कापलं गेलं तेवढ्यात मुकादमने मोकळा हात वर केला. “बास! आता माझं.”

काकांनी संधी दवडली नाही. मुकादमचं प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात तिने हुंगला. “ई! हा माझा नाहीये.” आईने तो हात धरला आणि तिला घेऊन निघाली.

त्याच वेळी ऑपरेशनच्या खोलीतून बोलावणं आलं. काका करवत घेऊन धावले.

खोलीत दोघीच उरल्या. “मॅडम,” धाकटीने धीर केला, “शिफारस द्याल का?”

“काय विचारलंस?”

धाकटीने जीभ चावली. “म्हणजे... आज द्याल की उद्या?”

मॅडमच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “आधी ते हातातलं काढून घे. मग बोलू.”

संध्याकाळपर्यंत काका ऑपरेशनच्या खोलीतच होते. तिथूनच ते परस्पर घरी गेले. धाकटी घरी पोचली तेव्हा दादाने दार उघडलं, हिरवा हात बघितला आणि विचारलं, “कोण जिंकलं?”

रात्रीच्या जेवणापर्यंत धाकटीचा डावा हात अर्धवट कापलेल्या प्लास्टरमध्येच होता. शिफारशीबद्दल मॅडमचा फोनही आलेला नव्हता.