सही राहिलेलं कार्ड

सप्टेंबरपासून थर्झाच्या जिवाला चैन नव्हती. न्यू हॅम्पशायरमधल्या एवढ्याशा गावची ती क्लार्क, मतदारयादी तिच्या ताब्यात. पण राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान कधी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आता काय म्हणावं या राज्याला! कायदाच असा, की दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या आठवडाभर आधी आपलं मतदान. कुणी तारीख अलीकडे ओढली, की आपण त्याहून अलीकडे. तारीख ठरवणारे राजधानीतले साहेब बाकीच्यांच्या तारखा कळेपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसायचे.

गाव म्हणे, मार्चमध्ये होऊ दे बाई, बर्फ तरी उतरेल. थर्झाला मात्र जानेवारीच हवा होता. तिचे वडील ऑरिन अठ्ठ्याऐंशीचे, हृदय थकलेलं. डॉक्टर जानेवारीच्या पुढचं काही बोलायलाच तयार नव्हते. उन्हाळ्यात उमेदवार व्हिटकोमबाई त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ब्लूबेरी पाय खाऊन गेल्या होत्या. तेव्हापासून म्हातारा हट्टाला पेटलेला.

"शब्द दिलाय मी बाईंना."

"मग टपालानं पाठवू या ना मत."

"शब्द काय पाकिटात घालून पाठवतात? उभा राहून देणार मी. लागली का तारीख?"

दिवसातून दहादा हेच. फोन वाजला की थर्झा हातातलं टाकून धावायची. नोव्हेंबरअखेर दक्षिणेतल्या एका राज्यानं उडी मारली आणि इथली तारीख लागली: जानेवारीचा दुसरा मंगळवार. गावानं बोटं मोडली. थर्झा फोन ठेवून ढसाढसा रडली.

त्या मंगळवारी सकाळी आठला रांगेत पहिले ऑरिन. थर्झानं यादीवरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. नावापुढे 'रिपब्लिकन' होतं. व्हिटकोमबाई डेमोक्रॅट, आणि यादीत जो पक्ष, त्याचीच मतपत्रिका मिळणार.

ऑरिन खरे कुठल्याच पक्षाचे नव्हेत. असा माणूस ज्या पक्षाची मतपत्रिका घेतो, त्या पक्षाचा होतो. निघताना कार्डावर सही केली की पुन्हा मोकळा.

"बाबा, गेल्या खेपेला तुम्ही सहीच केली नाहीत."

"तूच म्हणालीस की, वारा सुटलाय, घरी चला, सहीचं मी बघते."

म्हणाली होती खरी. विसरलीही होती. पक्ष बदलायची मुदत यंदा शरदातच संपली, आणि तेव्हा ही बया तारखेच्या नादात फोनपाशी बसलेली! बापाचं नाव उघडून बघायचं काही सुचलं नाही.

"देऊन टाक की डेमोक्रॅटची," मागून शेजारचा एल्बर्ट म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," थर्झा म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला.

ऑरिननी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली. आडोशाला बराच वेळ लावला. मग शेगडीजवळच्या बाकावर जे बसले, ते दिवसभर घरी जायचं नाव नाही.

सातला दारं लागली, मोजणी सुरू झाली. एका मतपत्रिकेवर छापील नावांपुढच्या चौकटी सगळ्या कोऱ्या, आणि खालच्या मोकळ्या ओळीत थरथरत्या अक्षरात व्हिटकोमबाईंचं नाव. परक्या पक्षाच्या कागदावर त्याचा बाईंना काडीचा उपयोग नव्हता. पण इथे प्रत्येक नाव वाचून दाखवायची रीत. थर्झानं ते आधी मनातच वाचलं.

"मोठ्यानं वाच, पोरी," बाकावरून आवाज आला.

"ॲडेला व्हिटकोम," तिनं वाचलं. "एक."

म्हाताऱ्यानं टोपी चढवली.

"चल घरी. आणि या खेपेला कार्डावर सही केलीय मी. चार वर्षांनी पुन्हा घोळ नको."