रुळाखाली हरवलेले दोन मिलिमीटर

"हे सांगितलं तर कोणाला पटायचं नाही," दुकानाच्या काउंटरवर बॅटरीची करवत आदळत मिस्त्री गरजले, "पण चाळीस वर्षांत माझा काप केसभर चुकला नव्हता. तुमच्या या खेळण्यानं माझं नाक कापलं! नाक तेवढं पूर्ण कापलं, दार नाही!"

त्यांच्या मागे त्यांची धाकटी बहीण करवत ज्यावर सरकवत कापायचं तो लांबलचक रूळ खांद्यावर घेऊन उभी होती. दादा कापणार आणि ती दुसरं टोक धरणार, हे लहानपणापासूनचं. उद्या दवाखान्याची अकरा दारं खालून कापून द्यायची होती. दुकानदारानं ही करवत बदलून दिली नाही, तर सगळी हातकरवतीनं; आणि मिस्त्रींचा खांदा हल्ली चहाचा कप उचलतानाही कुरकुरायचा.

"खोक्यावर कापाची खोली पंचावन्न मिलिमीटर. दाराची जाडी पन्नास. काप गेला एकोणपन्नास! खाली साल लोंबतेय!"

"पंचावन्न रुळाशिवाय, मिस्त्री," दुकानदार म्हणाला. "रुळाच्या जाडीचे चार वजा करा."

"रुळावर चालणारी करवत रुळाशिवाय मोजता? म्हणजे माणसाची उंची शिडीवर उभं करून मोजायची! बरं, केले वजा. एक्कावन्न उरले. वरचे दोन कुठे गेले? उंदरानं खाल्ले?"

मिस्त्रींना आणखी चेव आला. खिळे तोलायच्या काट्यावर त्यांनी करवत ठेवली. काटा पाच किलोंवर गेला.

"खोक्यावर चार लिहिलंय!"

"ते बॅटरीशिवाय..."

"रुळाशिवाय, बॅटरीशिवाय! उद्या पात्याशिवाय विकाल! हिच्या वजनानं माझा उजवा हात चार बोटं लांबलाय. बाही पुरत नाही, बघा!"

दुकानदारानं वरच्या फळीवरची मोठी करवत उतरवली. रुळावर एकसष्ट कापणारी, वजन सहा किलो. मिस्त्रींनी ती उचलली, खांद्यात कळ आली, कपाळावर घाम फुटला.

"फूल आहे, फूल!" ते दातओठ खात म्हणाले.

"देतो बदलून," दुकानदार म्हणाला. "पण रुळावरचा आकडा खोक्यावर असतो, बारीक अक्षरांत. वाचला नाहीत?"

"तशी ओळच नव्हती! खोकं उलटंपालटं करून पाहिलं, भिंग लावून पाहिलं!"

दुकानदारानं मिस्त्रींनी परत आणलेलं खोकं फिरवलं. एक बाजू फाटलेली होती.

"हे काय?"

"उंदीर," मिस्त्री क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले. "मांजराएवढा. माझ्या डोळ्यांदेखत पुठ्ठा तोंडात धरून..."

"दादा, पुरे!" बहिणीनं रूळ धाडकन भिंतीला टेकवला. "कसला उंदीर? रूळ डुगडुगत होता म्हणून तो पुठ्ठा तूच फाडलास आणि घडी करून रुळाखाली सारलास. तेवढा रूळ वर उचलला गेला; तुझे दोन मिलिमीटर तिथेच गेले." तिनं खिशातून चपटलेली घडी काढून काउंटरवर उलगडली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : रुळावर ५१. "ठेव ते सहा किलोंचं फूल खाली, आणि उचल आपली करवत!"