शेवंतीच्या घोवाचा फोटो

मी एक जुनी, चिडलेली लॅमिनेशनची मशीन आहे. डिचोलीच्या बसस्टँडजवळ, गोकुळदासच्या फोटोच्या दुकानात कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. आधी ऐका.

गोवा राज्य झालं तेव्हा मी नवीकोरी होते. लायसन्सं, रेशनकार्डं, लग्नाचे फोटो, सगळं माझ्या गरम रुळांमधून जायचं. फोटो तेव्हा वास्कोच्या लॅबमधून धुऊन यायचे. लोक माझं कौतुक करायचे आणि गोकुळदास मिशीला पीळ द्यायचा.

पुढे त्याने प्रिंटर आणला आणि माझे दिवस फिरले. शाई स्वस्तातली, कागद तिसऱ्याच शाईसाठी बनवलेला! शाई पिणारा कागद नसेल तर ती वरच तरंगत राहते, वाळतच नाही. पाकिटावर तसं छापलेलं असतं. पण वाचायला डोळे उघडावे लागतात ना!

एकदा सर्वणहून शेवंती आली. तिचा नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, तो वारला होता. लायसन्सवरचा टिकलीएवढा फोटो तिने पुढे केला.

"गोकुळदासबाब, घोवाचो ह्यो एकच फोटो आसा. मोठो करून देवा. चेडवाचा लगीन आसा. मांडवात जावच्या आदी ता बापाशीच्या पायां पडतला."

गोकुळदासने फोटो मोठा छापला. बोट लावलं तर काळं झालं. एक दिवस थांबून पाहायचं, निदान कागद तरी बदलायचा! या शहाण्याने काय केलं? कॅरमवर मारतात तशी त्यावर पावडर मारली, फुंकली आणि ओला फोटो माझ्या तोंडात कोंबला. वर कडाही फोटोच्या मापाने कापल्या, वरखालच्या प्लास्टिकच्या फिल्मना एकमेकींना चिकटायला जागाच ठेवली नाही. मला वाचा असती तर त्याच दिवशी शिव्या घातल्या असत्या.

लग्नाच्या सकाळी फोटोला गंध लावताना कोपरा सुटला. कोणीतरी फिल्म नीट करायला गेलं आणि ती सगळीच निघून आली, चेहऱ्यासकट.

शेवंती तशीच दुकानात आली. मागोमाग तिची लेक, नवरी गौरवी, हातात हिरवा चुडा.

"माझा चेडू आता कोणाच्या पायां पडतला? ह्या कोऱ्या कागदाच्या?"

"हांव कितें करूं, वहिनी? मशीन पोरनी जाल्या," माझ्याकडे बोट दाखवून गोकुळदास म्हणाला.

मेल्या! शाई तुझी, कागद तुझा, पावडर तुझी आणि जुनी, खराब मी?

गौरवीने आईच्या हातातली फिल्म घेतली आणि माझ्यावर पसरली. त्या प्लास्टिकवर बापाचा चेहरा उलटा उमटला होता. ती वाकली आणि तिने माझ्यावर डोकं टेकलं. गोकुळदासची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

मित्रांनो, फोटो माझ्यासारखीच्या तोंडी देण्याआधी शाई आणि कागद एकमेकांचे आहेत ना ते बघा आणि तो पुरता वाळू द्या. नाहीतर परत कोणाची तरी लेक लग्नाच्या दिवशी मशीनच्या पाया पडेल.