मिडियमची कंबर

सकाळी चौतीस. संध्याकाळी छत्तीस.

पाण्याने भरलेली बादली उचलायची नाही. कापडाचा तागा तर नाहीच नाही.

भिंतीवर खिळ्याला टांगलेलं एक माणूस. डोकं नाही, हात नाहीत. कमरेपासून खाली, तेही चौथाई.

"पिशवी काढली ना? मग सामान ठेवलंयस कुठे?" हे नवऱ्याचं. ती हसली, टाके दुखले, म्हणून रागावली.

निळं कापड, साठ थर, एक कटर.

सेफ्टी पिन.

हे सगळं एकाच बाईच्या पोटाभोवती फिरतंय, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करू. तिला सगळे मास्तर म्हणत. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात नऊ बायका मशीनवर, एक काज-बटणांना, एक इस्त्रीला, आणि कापणारी ती एकटी. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले असत: स्मॉल, मिडियम, लार्ज. फर्मा कापडावर ठेवायचा, खडूने कडेकडेने आखायचं, कापायचं. नवी ऑर्डर आली की पहिला नमुना शिवून व्हायचा, आणि पाचच्या ठोक्याला मशीनं थांबली की मास्तर तो घालून पडद्याआडून बाहेर यायची. वाकायची, उकिडवी बसायची, हात वर करायची. मास्तरांना बसला तो मिडियम. टेप नंतर.

एकोणीस वर्षं हीच रीत. वेटर, नर्सा, शाळांचे शिपाई, लिफ्टवाले, हजारो माणसं तिच्या कमरेत वावरत होती. रस्त्यात कुणी ओळखीच्या कापडात दिसलं की तिची नजर आधी त्याच्या कमरेवर जायची आणि ती मनात म्हणायची, माझी.

मग गाठी झाल्या. महिन्यातले वीस-वीस दिवस रक्त जायला लागलं आणि गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. एवढ्या गाठी गेल्यावर पोट आपसूक खाली बसेल, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. डॉक्टरीणबाई असं कुठे म्हणाल्या होत्या? त्या म्हणाल्या, सूज सहा महिनेही राहते, कुणाकुणाला वर्षभर. रोज चाला. जड उचलू नका. घाई करू नका.

घाई न करणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

टाक्यांच्या रेषेवरून पोट असं ओघळलं होतं, जसं ताग्याचं सुटं टोक टेबलाच्या कडेवरून खाली येतं. सकाळी ते शहाण्यासारखं आत असायचं. जेवण झालं की फुगायला लागायचं. पाचला नुसता ढोल. घरी असताना ती दिवसातून चारदा न्हाणीघरात टेप घेऊन जायची. मुलगी दारावर थाप मारायची. "आई, पुन्हा मोजतेयस? दुपारपासून आतापर्यंत काय पीक येणारे?"

साडेतीन महिन्यांनी ती कामावर परतली.

"या या, मास्तर!" काजवाली तोंडातला दोरा न काढताच म्हणाली. "तुमच्याशिवाय करमत नव्हतं हो. शिव्याच नाहीत कानावर."

"मिळतील. दम धर."

मालकीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तागे उचलायला इस्त्रीवालीला सांगून ठेवलं. आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही नव्हता तेव्हा नमुने हिलाच घालायला लावले. काजवालीला. बरे बसले की हो तिला."

"बरं केलंत," मास्तर म्हणाली.

बरं कसलं! दिवसभर ती बसली नाही की धड उभी राहिली नाही. टेबलाच्या या टोकाला खडू, त्या टोकाला कात्री, मग खडू विसरला म्हणून परत. एकोणीस वर्षांत तिचं म्हणून जे होतं ते तीन महिन्यांत दुसऱ्या कमरेवर गेलं होतं, आणि बरं बसलं होतं.

नमुना तयार होता. हॉस्पिटलची ऑर्डर, नर्सांच्या निळ्या पँटी, मिडियम एकशे वीस.

पाच वाजले. पडद्याआड ती पँट मांड्यांपर्यंत आली, कुल्ल्यांवरून खेचत वर आली आणि पोटाशी थांबली. हुक आणि त्याची कडी यांच्यात चार बोटं. तिने श्वास ओढला. तीन बोटं. बाहेर बायका थांबलेल्या.

"मास्तर, झोपलात काय आत?" काजवाली.

"आले गं! तुला गाडी पकडायचीय का?"

तिने सेफ्टी पिन लावली, वरून सदरा ओढला, बाहेर आली. वाकली. पिन पोटात रुतली. उकिडवी बसली नाही, टाक्यांचं निमित्त होतंच.

"बसली," ती म्हणाली.

सगळ्या घरी गेल्यावर "थोडं आवरून निघते" म्हणून ती मागे राहिली. मिडियमचा फर्मा खिळ्यावरून काढला, नव्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि कमरेला चौथाईमागे एक इंच वाढवून आखला. पँटीचे तुकडे चार. म्हणजे बत्तिसाची छत्तीस झाली. जुना फर्मा तिने ताग्यांच्या मागे सरकवला आणि नवा खिळ्याला टांगला. हात धुतले. दोनदा.

सकाळी साठ-साठ थरांच्या दोन थप्प्या लावल्या आणि कटर फिरवला. कटर फिरला की फिरला, त्यात मागे येणं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आठला, कुणी आलेलं नसताना, तिने तयार ढिगातली एक पँट चढवली. हुक सहज लागला. तिने हात सोडले आणि पँट कमरेवरून सरसरत कुल्ल्यांवर येऊन लोंबली.

ती तशीच उभी राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. तिने माप पाचचं घेतलं होतं. ढोलाचं. ती पँट तिलाच दिवसातून दोन तास बसणार होती; ज्यांच्या पोटाला कुणी हात लावला नाही त्यांना तर तेवढीही नाही.

सांगावं. आत्ता सांगावं. मालकीणबाई आल्या, ती म्हणाली, "दोरा संपत आलाय." दुपारी पुन्हा सांगायला गेली आणि इस्त्रीच्या वायरीबद्दल बोलून परत आली. घरी नवऱ्याने विचारलं, "अगं, बसशील का जरा? मला गरगरायला लागलं बघून."

"अहो, मला मेलीला चालायला सांगितलंय."

"रस्त्यावर. पलंगाभोवती नाही."

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मेट्रन माल बघायला आल्या, बरोबर तीन नर्सा. त्यातली मध्यम बांध्याची एक पँट घालून पडद्याआडून आली ती दोन्ही मुठींत कंबर धरूनच.

"ह्यात मी आणि माझी नणंद, दोघी मावू," ती म्हणाली. "आणि आमचं पटत नाही हो."

मशीनवाल्या खुदकन हसल्या. मालकीणबाईंनी टेप लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "छत्तीस! अगं, शिलाई धरलीत की नाही कुणी? काय डोळे मिटून शिवता?" मग त्या काजवालीकडे वळल्या. "आणि तू! तीन महिने नमुने तू घातलेस. तुझ्याच अंगावर घोळ झालेला दिसतोय सगळा."

काजवालीच्या हातातली सुई थांबली. "मी? बाई, माझी कंबर बत्तीस आहे. मी कुठून छत्तीस आणू?"

"उलट बोलू नकोस."

मास्तरने कात्री खाली ठेवली. "शिलाई बरोबर आहे. हिचाही दोष नाही. फर्मा मी वाढवला."

"तुम्ही? कशाला?"

"मला बसत नव्हता."

इस्त्रीने फुस्स केलं. मास्तरचे कान तापले. तिला वाटलं आता पोट सगळ्या खोलीभर झालंय आणि सगळ्या त्याच्याकडेच बघताहेत. बघतच होत्या.

"पिशवी काढलीय?" मेट्रननी विचारलं. वजनकाट्यावर चढणाऱ्याला विचारतात तितक्याच सरळ.

"साडेतीन महिने झाले."

"माझी चार वर्षांपूर्वी. पहिलं वर्ष मी नाडीवर काढलं. हुकाचं तोंडही बघितलं नाही." त्यांनी ती पँट उलटी करून कंबरपट्टी चाचपली. "मागून इलास्टिक घालता येईल?"

"येईल," मास्तर म्हणाली. "सैल आहे म्हणून निभावलं. घट्ट असती तर चुलीत गेली असती."

"मग घाला. संध्याकाळी सात-सात तास उभं राहून आमचीही पोटं काही सकाळची राहत नाहीत. पण गुरुवारी पँटी हव्यात."

"एकशे वीस पट्ट्या!" मालकीणबाई म्हणाल्या. "उसवणार कोण?"

"मी."

चार दिवस तिने ब्लेडने टाका टाका उसवला. दर तासाला उठून कारखान्याला एक फेरी मारायची, पुन्हा बसायची. पहिल्या दिवशी काजवाली तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून समोर बसली, अर्धा ढीग आपल्याकडे घेतला आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या बोडक्यावर बिल फाडायला निघाला होता तुम्ही."

"गप्प राहिले असते तर. नाही ना राहिले?"

"दोन दिवस राहिलात."

"कुणी सांगितलं?"

"मास्तर, इस्त्रीच्या वायरीला काही झालेलं नव्हतं."

माल गुरुवारी गेला. जुना फर्मा ताग्यांमागून निघून खिळ्यावर परत आला. शुक्रवारी मालकीणबाईंनी, नजर चुकवतच, सांगून टाकलं की यापुढे नमुने काजवालीच घालील. मास्तरने मान हलवली आणि घरी जाऊन तीन दिवस पलंगाभोवती फेऱ्या मारल्या. टेप मात्र न्हाणीघरातल्या खुंटीवरच राहिला.

पुढचा नमुना सोमवारी आला. पाच वाजता काजवाली पडद्याआडून बाहेर आली.

"वाक," मास्तर म्हणाली. "उकिडवी बस. पोट आत ओढू नकोस."

"ओढत नाहीये. आहेच तेवढं."

"जेवलीस तेव्हा किती होतं?"

"आता ते कोण मोजतं?"

"मोजायचं," मास्तर म्हणाली आणि तिच्या पोटाशी दोन बोटं घालून बघितली. "उद्यापासून सकाळी एकदा घालायची, पाचला एकदा."

लेक झाली त्या वर्षी, कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी, मास्तरने हाच फर्मा पाऊण इंच वाढवला होता, आणि कुणाला कळलं नव्हतं.