कुडाळात अडकलेली निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, मासळीची. बाहेरून निळी, आतून एके काळी पांढरी, आणि अंगाला असा वास की तुम्ही मला जवळ घेणार नाही. मी रागावत नाही. मला घडवलं तेव्हा माझ्या दोन भिंतींच्या मधे फेस भरला होता, आतली थंडी बाहेर जाऊ नये म्हणून. तेवढंच माझं शिक्षण. बाकीचं मी मालवणच्या बंदरावर शिकले.

माझ्या मालकीणबाई पद्मावतीबाई. लिलावात सुरमई, बांगडे घ्यायचे, बर्फात रचायचे आणि कोल्हापूरच्या तुकारामशेटना धाडायचे, हा त्यांचा धंदा. माझ्या झाकणावर त्यांनी लाल रंगाने खेकडा काढला होता. टेम्पोवाला बाबली तो खेकडा बघून मला ओळखायचा, पाठीवर थाप मारायचा आणि घाट चढवायचा. त्या थापेचा मला अभिमान वाटे.

आमच्या धंद्यात पेटी रिकामी परत धाडत नाहीत, ते बरं दिसत नाही. मासळी काढून झाली की तुकारामशेट माझ्यात गूळ घालायचे, कधी कोथिंबीर, कधी मिरच्या. तरीही सगळे मला रिकामीच म्हणायचे. "रिकामी पेटी इली काय गो?" असं विचारायचं आणि आतून गुळाची ढेप काढायची. यात कोणाचा कधी गोंधळ झाला नाही.

मग पद्मावतीबाईंच्या नातवाला, छोट्या रविराजला, सांधे सुजायचा आजार झाला. दर महिन्याचं त्याचं इंजेक्शन कोल्हापूरच्या डॉक्टरांकडेच मिळायचं. ते थंड राहायला हवं, पण बर्फाला टेकता कामा नये. तुकारामशेट ते स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, माझ्या पोटात ठेवू लागले. रविराजची आई सीता कॉलेज शिकलेली. त्या खेपेला मासळी न भरता ती मला आधी घासायची, उन्हात ठेवायची, माझ्या कोपऱ्यात नाक घालून वास घ्यायची आणि पुन्हा घासायची. मला एवढं कोणी जपलं नव्हतं.

यंदा मात्र सगळं बदललं. वाहतूक कंपनीची माणसं आली. त्यांनी माझ्या खेकड्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा कागद चिकटवला आणि कडीखाली एक बटण बसवलं. मी कुठे आहे, किती थंड आहे, ते म्हणे आता फोनवर दिसतं. बाबलीच्याही हातात फोन आला. "आता ह्यो सांगतलो तसा करूचा," तो म्हणाला आणि कागदावर फोन धरला. टूं असा आवाज आला. थाप नाही. मी चुकले होते की काय, मला कळेना.

त्या महिन्यात औषध पोटात घेऊन मी घाट उतरले. आता आम्ही आधी कुडाळच्या गोदामात जातो. तिथे मला काट्यावर ठेवलं आणि लाल दिवा लागला. परत चाललेली पेटी कंपनीच्या लेखी रिकामीच, आणि रिकाम्या पेटीला असावं त्याहून माझं वजन जास्त होतं. मला पत्र्याखाली बाजूला सारलं. पत्रा तापलेला. माझ्या पोटात बर्फाचं पाणी होऊ लागलं.

सीता घरी फोन घेऊन बसली होती. नकाशात कुडाळावर एक ठिपका, खाली लिहिलेलं, 'पेटी सुरक्षित आहे.' ठिपका हलेना. रविराज गुडघा धरून कुरकुरत होता. त्याला सासूकडे देऊन तिने स्कूटर काढली.

गोदामाचा साहेब दीपेश वाईट नव्हता. तोही माझ्याइतकाच गोंधळलेला होता.

"ताई, पेटी रिकामी आहे. तिच्यात तुमचं औषध कसं असेल?"

"मग अडवली कशाला?"

"वजन जास्त आहे म्हणून."

"रिकाम्या पेटीचं?"

"तेच तर कळत नाहीये."

"मग उघडून बघा ना."

"आधी नोंद केल्याशिवाय उघडता येत नाही. आणि नोंदीत दोनच पर्याय आहेत. मासळी नाहीतर रिकामी. रिकामी लिहिलं, तर आत्ता गरम पाण्याने धुवायला जाईल."

सीता माझ्याकडे बघत राहिली. मग कडीखालच्या बटणाकडे. "थंड आहे ना अजून?"

दीपेशने फोन पाहिला. "आहे. थोडी आहे."

"मासळी लिहा."

"कोल्हापुरातनं मालवणात मासळी? ताई, लोक हसतील मला."

"हसू देत. लिहा."

त्याने लिहिलं आणि दिवा हिरवा झाला. मालवणची पेटी कुडाळात देता येत नाही, म्हणून मला बाबलीच्या टेम्पोत चढवलं. सीता स्कूटरवरून मागेमागे आली, एकाही वळणावर टेम्पो नजरेआड होऊ न देता. घरी झाकण उघडलं तेव्हा डब्याखाली बर्फाचे चार खडे शिल्लक होते. त्यांना तिने हात लावून पाहिला. मग पोराला, डब्याला घेऊन ती दवाखान्यात गेली.

पण पोराला सीताकडे देऊन बंदरावर गेलेल्या पद्मावतीबाईंच्या फोनवर निरोप वाजला होता, 'आपली मासळी कोल्हापूरहून आली आहे.' तो शेजारच्या कोळणींनीही ऐकला. सीता परतली तेव्हा बाई फुगून बसल्या होत्या.

"माज्या नावार घाटावयली मासळी? बाजारात तोंड कसा दाखवू?"

"आई, नायतर औषध गरम पाण्यात गेला असता."

 रविराज बाईंच्या मांडीवर निजला होता. त्याचा गुडघा त्यांनी हलकेच चाचपला.

दुसऱ्या दिवशी लिलावात एकीने टोमणा मारलाच. "काय गो पद्मावती, घाटार समुद्र इलो काय?"

"इलो," बाई म्हणाल्या. "माज्या नातवाक व्हयो होतो."

कोणी हसलं नाही. अजूनही दर महिन्याला माझ्यावर 'मासळी' लिहितात आणि औषध येतं. हे खरं की खोटं, मला ठरवता येत नाही. मी पेटी आहे. पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. कोणालाही रिकामं म्हणण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. आत कोणाच्या तरी लेकराचं काही असेल.