निंबावरचा भोंगा

"तोंड तिकडे करा त्याचं," खालून गोजराबाई म्हणाली. "माह्या घराकडे नको."

इंद्रभान निंबाच्या फांदीवर बसून भोंगा बांधत होता. सुतळीचं एक टोक दातात, दुसरं हातात. दात गुंतलेले, म्हणून त्याने नुसती मान हलवली आणि भोंग्याचं तोंड शाळेकडे वळवलं. शाळेत नवरदेवाकडची मंडळी उतरली होती, केनवडची. मंगरूळच्या आसपास कितीतरी गावांत त्याने असे भोंगे बांधले होते, आणि दरेक घरची बाई वर बघून सांगायची, भाऊ, जरा आमच्याकडे तोंड करा. उलटं सांगणारी एकच होती, आणि ती त्याची बायको होती. आज तर त्यांच्याच बेबीचं लग्न होतं.

आसेगावात इंद्रभानला कुणी इंद्रभान म्हणत नसे. मशीनवाला म्हणत. पण मशीन येण्याआधी त्या घराची ओळख गोजराबाईच्या गळ्याची होती. हळद कुठेही लागो, आधी तिला निरोप जायचा. ती आली की बायका आपोआप सरकून जागा करायच्या. पहिली ओळ तिची, मग बाकीच्यांची. तिचा आवाज फार गोड नव्हता. नव्या मडक्यात पाणी पडावं तसा होता, थोडा खरखरीत, आणि तळ लागल्यावर घुमणारा.

मग इंद्रभानने तबकड्या वाजवायचं मशीन आणलं. पहिलंच लग्न, शेजारचंच, भोंगा याच निंबावर, तो आनंदात. मांडवात बायका हळदीला बसल्या, गोजराने ओळ उचलली, आणि निंबावरून सिनेमाचं गाणं कोसळलं. ती थोडा वेळ गात राहिली. तोंड हलताना दिसत होतं, शब्द कुणाला ऐकू येत नव्हता. मग तिने पदराने तोंड पुसलं, जेवल्यावर पुसतात तसं, आणि हळदीची वाटी शेजारणीकडे दिली. त्या दिवसापासून ती कुठल्या लग्नात गायली नाही. पुढे गावात गिरणी आली आणि घरातलं जातंही मुकं झालं.

भांडण असं कधी झालं नाही. तिने बोल लावला नाही, त्याने माफी मागितली नाही. पण कान तर त्यालाही होते. आणि त्या कानांना काहीतरी कमी पडतंय, हे त्याला हळूहळू कळू लागलं.

म्हणून तो गाणी हुंगत फिरायचा. होळीला तांड्यावर ओळखीच्या भाऊसिंगकडे जायचा, डफाच्या तालावर गोल फिरत गाणाऱ्या बंजाऱ्यांच्या लेंग्या ऐकत उभा राहायचा. दारावर किंगरीवाला नाथ आला तर त्याला भाकरी देऊन बसवून घ्यायचा. घरी येऊन गोजराला सांगायचा, "सगळ्या गान्याखाली एक जमीन राह्यते पाय. किंगरीचा एकच तार घुमत राह्यते, त्याच्यावर मानूस चालते." गोजरा भाकरी थापत राहायची. ऐकायची मात्र.

एकदा कारंज्याच्या बाजारात जुन्या सामानवाल्याकडे त्याला एक मोठी तबकडी मिळाली. पाकिटावर केस वाढवलेला गोरा माणूस आणि पायघोळ झग्यातली बाई, दोघं गवतात बसलेले. भोवती रंग असे सांडलेले, जसा होळीच्या दुसऱ्या दिवशीचा ओटा. अक्षरं इंग्रजी, तीही मेणासारखी वितळलेली. घरी आणून लावली तर आधी गती चुकली आणि बाई चिमणीसारखी चिवचिवली. गती उतरवली, तेव्हा ती विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी गाऊ लागली. खाली सतारीसारखं काहीतरी एकाच सुरात घुमत होतं. डफासारखं काही वाजायचं, थांबायचं. मधेच गाणं उलटं चालायचं, नदीचं पाणी वर चढावं तसं.

त्याने ती तबकडी एका लग्नात लावून बघितली. म्हातारा पुंजाजी काठी टेकत आला आणि म्हणाला, "काबे मशीनवाल्या, गांजा वढून गायले काय हे?"

"आपले भजनवाले कोनते नुसती सुपारी खाऊन गातेत, आबा?"

पुंजाजी हसला, पण तबकडी बदलावी लागली. लोकांना घुमणारं गाणं नको होतं, नाचणारं हवं होतं.

घरी मात्र वेगळंच झालं. गोजरा तांदूळ निवडत होती. तबकडी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "ही बाई दळून राह्यली."

"गोरी बाई ते. तिच्याकडे कायचं जातं?"

"मले काय माईत. पन हिचा एक हात रिकामा नाही. आन पाहा, एकटीच हाय, तरी दोघी गातेत. जात्यावर दोघी लागतेत. हिले जोडीदारीन भेटली नसन, तं आपलाच आवाज घेतला संगं."

इंद्रभानने तबकडी पुन्हा लावली. तोच आवाज मागून पुन्हा येत होता, अर्धं पाऊल मागे. इतके दिवस मशीन हाताळून त्याला जे ऐकू आलं नव्हतं ते तिने तांदूळ निवडता निवडता ऐकलं होतं. त्यानंतर संध्याकाळी ती कधी कधी स्वतःच म्हणायची, लावा ना ते दळनारी. तो लावायचा आणि काही काम काढून बाहेर जायचा. भिंतीला पाठ लावून उभा राहिला की आतून, त्या गोऱ्या बाईच्या आवाजाखाली, अगदी बारीक, मडक्यातल्या पाण्याचा आवाज यायचा.

बेबीचं लग्न ठरलं तेव्हा पोरीने बापाजवळ एकच गोष्ट मागितली. साडी नाही, भांडी नाही. म्हणाली, "बाबा, माह्या हळदीले भोंगा नको. मायनं गायलं पाह्यजे."

त्याने ते गोजराला सांगितलं.

"मी इसरली सगळं," ती म्हणाली.

"खोटं नको बोलू. त्या दळनारीसंगं गुनगुनतेस तू."

ती थबकली. "तुमाले ऐकू येते?"

"मशीनवाला हाय मी."

तिने हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि हळदीपुरता भोंगा मुका ठेवायचा असं ठरवून इंद्रभान तेवढ्या आशेवर निंबावर चढला होता.

सकाळी त्याने माइकवरून केनवडकरांचं स्वागत केलं, चहा घ्यायची विनंती केली. मग मशीनवाल्यांच्या रीतीप्रमाणे माइक मांडवात न ठेवता घरात नेला. मांडवात ठेवला की पोरं त्यात फुंकरा मारतात. मधल्या खोलीत कणगीवर, पोत्याच्या आड, त्याने तो ठेवून दिला. हळदीची वेळ झाली तशी तबकडीवरची पिन उचलली. मशीन चालूच ठेवलं, कारण आतल्या काचेच्या नळ्या तापायला वेळ लागतो आणि लग्नात मशीन मधेच कुणी थंड करत नाही. गाण्याचं बटण त्याने बंद केलं. माइकचं राहिलं.

हळद मांडवात लागायची होती. पण ऊन चढलं, पाटावर बसलेली बेबी घामाघूम झाली, आणि शेजारची चंपाबाई म्हणाली, पोरीले आत घ्या वो. बायका पाटासकट मधल्या खोलीत गेल्या. पुरुष बाहेरच. इंद्रभान मशीनजवळ पेटीवर बसला आणि वाट बघू लागला.

आणि गोजराने ओळ उचलली.

त्याने डोळे मिटले. आवाज थोडा म्हातारा झाला होता, पण तळ तोच. पहिल्या ओळी हळदीच्या, पोरीच्या, मायच्या. केवढा स्पष्ट येतोय, त्याला वाटलं. किती जवळ. इतक्या वर्षांनी ऐकतोय म्हणून असेल. पदराची सळसळसुद्धा ऐकू येत होती, वाटीतलं बोट फिरलेलं ऐकू येत होतं.

मग विहिणीची पाळी आली. हळदीला बायका विहिणीला गाण्यातून शिव्या देतात, आणि त्याचं एक माप असतं. तिला ऐकू जाऊ नये इतक्या दुरून द्यायच्या, आणि दिल्या हे तिला कळावं इतक्या मोठ्याने. शाळा तशी लांब होती. गोजरा मोकळी सुटली.

*विहीन आली केनवडची, नथ केवढी मोठी गं*
*दिवा लावा, कंदील लावा, तोंड गेलं कुठी गं*

बायका हसल्या. ते हसू निंबावरून पडलं, आणि इंद्रभानने डोळे उघडले.

रस्त्यावर माणसं थांबलेली होती. पुंजाजी काठीवर रेलून वर बघत होता. शाळेच्या ओट्यावर केनवडची सगळी मंडळी उभी होती, आणि सगळ्यांची तोंडं भोंग्याकडे.

त्याचा हात बटणावर गेला. तेवढं फिरवायचं होतं. आत बायकांना काही कळलं नसतं, त्या गातच राहिल्या असत्या. तो शाळेत जाऊन व्याह्याला हात जोडून म्हणाला असता, वायरीचा घोटाळा झाला इवाई. पोरीचं लग्न होतं. लहानशा बोलण्यावरून मांडवातून वऱ्हाडं परत गेलेली त्याने पाहिली होती. बटण बोटात होतं. आणि ज्या निंबावरून एके दिवशी तिच्या गळ्यावर माती पडली, त्याच निंबावरून आज तो गळा साऱ्या शिवारावर पसरत होता. एवढी एक ओळ, तो मनात म्हणाला.

*वाढा वाढा विहिनीले गंजभर वरन गं*
*पंचफुलानं भुरका मारला, आटून गेलं धरन गं*

नाव घेतलं गेलं. शाळेच्या ओट्यावरून पंचफुलाबाई, नवरदेवाची आई, खाली उतरली. अंगाने भरलेली, खरोखरच मोठ्या नथेची बाई. तिच्या मागे केनवडच्या बायका, त्यांच्या मागे तिचा नवरा देवमन. ती इंद्रभानसमोरून गेली तेव्हा त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवमन मात्र थांबला.

"इवाई, काय लावलं हे?"

इंद्रभानने बोट बटणावर तसंच ठेवलं. आता बटण फिरवलं असतं तर आत काय चाललंय ते कळलं नसतं, आणि आत त्याच्या पोरीचा जन्म टांगलेला होता. दोघे व्याही एकाच भोंग्याखाली माना वर करून उभे राहिले.

गाणं तुटलं. बांगड्या वाजल्या. मग भोंग्यातून पंचफुलाबाईचा आवाज आला.

"कोन गात होतं हे?"

"मी," गोजराचा आवाज. "रीत हाय, विहीनबाई. वाईट नका मानू."

"साऱ्या गावानं आयकलं."

"गावानं कसं आयकन? आमी तं आत..." आणि ती थांबली. तिचं पुढचं वाक्य कणगीच्या अगदी जवळून आलं, साऱ्या आसेगावाला दचकवणारं. "अवो बेबीचे बाबा, हे चालू हाय काय?"

रस्त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. इंद्रभान हसला नाही.

मग पंचफुलाबाई बोलली, आणि आता तिचा आवाज वेगळा होता.

"दोन पोरी देल्ल्या म्या. एक सून आनली. तिनी लग्नात भोंगाच वाजला. एका विहिनीनं मले शिवी देल्ली नाही. जशी मी आलीच नव्हती लग्नात." तिचा आवाज माइकच्या जवळ आला. "सरका वो. राहू द्या ते चालू. मी म्हनतो आता."

*आसेगावची विहीन गाते, गळा का हा भोंगा गं*
*नवरा चढला निंबावरती, खाली इचा दंगा गं*

देवमनने इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी बी असंच हाय, इवाई," तो हळूच म्हणाला. "भोंगा नसते एवढंच."

मग त्या दोघींनी एकमेकींचं काही शिल्लक ठेवलं नाही. नाक, केस, माहेर, स्वैपाक, नवरा. शेतातून माणसं बांधावर येऊन उभी राहिली. पुंजाजी म्हणाला, आता गांजा कोन वढला म्हना, आणि खाली मातीतच बसला.

दुपारी लग्न लागलं. वंदना झाली, पंगती उठल्या. दिवस कलताना बैलांच्या दमण्या जुंपल्या गेल्या. बेबी आईच्या गळ्यात पडली तसा देवमनच पुढे आला. म्हणाला, इवाई, पोरीचं वाटे लावायचं गानंबी भोंग्यावर होऊ द्या, लोकं थांबले आहेत. लोक खरंच थांबले होते. इंद्रभानने माइक हातात घेतला आणि गोजराकडे बघितलं.

ती रागावली नव्हती. तिने फक्त मान हलवली.

"शिवी गावाले आयकू गेली तं चालते," ती म्हणाली. "हे तिच्या एकटीचं हाय."

इंद्रभान मशीनकडे गेला. नुसतं बटण फिरवून त्याचं समाधान झालं नाही. त्याने बॅटरीवरच्या दोन्ही पकडी काढल्या आणि एकेका हातात धरून उभा राहिला. काचेच्या नळ्यांतला लाल उजेड विझत गेला.

गोजराने पोरीचं डोकं पदराखाली घेतलं, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि गाऊ लागली. पुरुषांनी लांब उभं राहायचं असतं, तसा तो लांब उभा होता. बैलांच्या घुंगरांपलीकडून त्याला एक शब्द कळला नाही. एवढंच दिसलं की पदराखालची पोर अधूनमधून मान हलवते आहे, हो, हो, जसं तिला काहीतरी नीट सांगितलं जातंय आणि ती ते लक्षात ठेवते आहे.